तोंडी उत्तराची पोच

पिंपळगाव बसवंतच्या शिवारात द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पेठ-सुरगाण्याकडील मजूर कुटुंबे मुलाबाळांसह बागांवर उतरतात. त्यांतील एखादा बाप मुलाला घेऊन सरकारी वा अनुदानित शाळेत गेला आणि ‘आधी दाखला आणा, मग पाहू’ असे त्याला सांगण्यात आले, तर ते उत्तर बेकायदा ठरते. दाखल्यास विलंब झाला म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, लांबवताही येणार नाही, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे पाचवे कलम स्पष्ट बजावते. पण नकार तोंडी असतो. महिन्याभराने चौकशी झालीच, तर ‘असे कोणी आलेच नव्हते’ म्हणायला सारेच मोकळे!

याच कायद्याचे बत्तिसावे कलम स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करण्याचा अधिकार देते व तिचा निकाल तीन महिन्यांत लावावयास सांगते. तक्रार कधी पोहोचली याचा पुरावा म्हणजे बापाजवळच्या प्रतीवरील तारीख, सही आणि शिक्का. कोण, कधी, काय म्हणाले एवढे चार ओळींत लिहिले तरी पुरे. पोच देण्यास कोणी कां-कूं केले, तर अर्ज स्पीड पोस्टाने धाडून पावती जपावी.

मात्र बापाला लिहिता येत नसेल, तर हा अर्ज लिहिणार कोण? गावातील शिक्षकाने वा कारकुनाने तो लिहून द्यावयास हवा, आणि तोही पहिल्याच आठवड्यात. कारण मार्च-एप्रिलपर्यंत हंगाम आटोपतो, आणि त्यातले तीन महिने तर निकालाची वाट पाहण्यातच जाऊ शकतात.