अ‍ॅव्हरेज करणाऱ्या भाईला

परवा जुम्याची नमाज आटोपून बाळकुम नाक्यावर चहाला थांबलो होतो. शेजारच्या भाईने मोबाईल पुढे केला. एक शेअर चाळीस टक्के खाली. "आणखी शंभर उचलतो, अ‍ॅव्हरेज खाली येईल." पैसे कुठले, विचारलं. मुलीच्या फीचे. जूनपर्यंत लागणार नाहीत म्हणे.

टप्प्याटप्प्याने घ्या, टप्प्याटप्प्याने विका, हे क्लासमध्ये शहाणपण म्हणून शिकवतात. माझा रागच आहे त्यावर.

येस बँकेचा हिशेब करून पाहा. ऑगस्ट 2018 मध्ये शेअर 400 च्या आसपास होता. समजा, एखाद्याने घसरणीत 350, 200, 100 आणि 50 ला प्रत्येकी 100 शेअर घेतले. अ‍ॅव्हरेज 175. कागदावर छान! पण खिशातून गेले 70,000. पहिल्याच खरेदीवर थांबला असता तर 35,000. 5 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि दुसऱ्या दिवशी भाव एकेरी आकड्याला शिवून आला. पुढे पुनर्रचना झाली, तेव्हा 100 हून कमी शेअर असलेले तेवढे सुटले. बाकीच्यांचे 75 टक्के शेअर 3 वर्षांसाठी गोठवले गेले. म्हणजे आपल्या माणसाचे 400 पैकी 300 अडकले. त्यानंतर काही दिवसांत भाव उसळला, तरी विकायला हातात होते शंभरच. हळूहळू बाहेर पडू म्हणणाऱ्याला दारच उरलं नाही. (व्याजाचा धंदा म्हणून आमच्यातले बरेच जण बँकांचे शेअर घेतच नाहीत. त्यांना फिकहने वाचवलं, चार्टने नव्हे.)

घसरणीत भर घालत गेलं की सगळ्यात जास्त पैसा सगळ्यात चुकलेल्या निर्णयात जाऊन बसतो. आणि नफ्यात? तिथे हेच लोक दहा टक्के दिसले की अर्धा माल विकतात. म्हणजे तोटा पूर्ण मालावर, कमाई अर्ध्यावर. वर जाणाऱ्या शेअरमध्ये थोडं थोडं वाढवा, माझी हरकत नाही. तिथे बाजार तुमच्या बाजूने बोलतोय. चुकलो हे कळलं की मात्र सगळं विकायचं, एकाच ऑर्डरमध्ये.

एसआयपीचा दाखला कुणी देईल. निर्देशांकाच्या फंडात पन्नास कंपन्या असतात, एक बुडाली तर दुसरी तिच्या जागी येते. तुमच्या एका शेअरच्या जागी कोण येणार?

भाईला विचारलं, "हा शेअर आज तुझ्याकडे नसता, तर या भावाला घेतला असतास?"

"नाही."

"मग आणखी शंभर कशाला?"

तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, क्लासच्या सरांना विचारून सांगतो.