मागचा डोळा आणि त्याची तार

मोटार मागे घेताना होणाऱ्या अपघातांत अमेरिकेत दरवर्षी सरासरी २१० माणसे दगावतात आणि सुमारे १५,००० जखमी होतात, असे तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१४ साली नमूद केले होते. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालील मुले, तर २६ टक्के सत्तरीच्या घरातील वा त्यापुढील वृद्ध होते. निम्म्याहून अधिक बळी नातवंडे आणि आजी-आजोबा या दोन टोकांच्या पिढ्यांचे. २००२ साली लाँग आयलंड येथे दोन वर्षांचा कॅमेरन गुलब्रान्सन वडिलांच्याच गाडीखाली सापडला. त्याच्या नावाचा कायदा २००८ मध्ये झाला आणि १ मे २०१८ पासून दहा हजार पौंड वजनापर्यंतच्या प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला.

ट्रेलरला मात्र ही सक्ती नाही. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे पिकअपच्या मागे जोडून न्यायचे, स्वयंपाकघर आणि बिछान्यांसह सजलेले चाकांवरचे घर. मुलांकडे उन्हाळ्यात अमेरिकेस जाणाऱ्या आपल्याकडील कित्येक आई-वडिलांना आता त्याची ओळख होऊ लागली आहे. तो जोडला, की पिकअपच्या कॅमेऱ्यासमोर ट्रेलरची पुढची भिंत तेवढी उरते. तीस फूट लांबीच्या त्या घरामागे काय आहे हे कोणत्याही आरशात दिसत नाही. छावणीच्या मैदानात मुले तर नेमकी तेथेच चेंडू खेळत असतात. म्हणून ट्रेलरच्या पाठीवर निराळा कॅमेरा बसवतात. कॅमेरा निवडणे सोपे आहे. त्याला वीज कोठून द्यावी, हा खरा प्रश्न.

पिकअप आणि ट्रेलर यांना जोडणाऱ्या प्लगमध्ये सात संपर्क असतात. पार्किंगचे दिवे, डावा इशारा, उजवा इशारा, विजेचे ब्रेक, बॅटरीचा भरणा, अर्थिंग आणि मधोमध गाडी मागे घेतानाच्या दिव्याची तार. मधली तार कॅमेऱ्यासाठीच आहे असे वाटते खरे; पण पुष्कळ ट्रॅव्हल ट्रेलरना मागे घेतानाचे दिवेच नसतात. अशा वेळी ती तार पुढच्या जोडपेटीपर्यंत येऊन तेथेच संपलेली आढळते. मागच्या भिंतीपर्यंत नवी तार ओढायची म्हणजे चासीखालून सरपटण्याचे काम. शिवाय तिच्यावर चालणारा कॅमेरा फक्त गाडी मागे घेतानाच दिसणार. महामार्गावर मागून कोण येत आहे, हे कळणार नाही.

दुसरा मार्ग ट्रेलरच्या बॅटरीचा, आणि मोह याच मार्गाचा अधिक होतो, कारण तेथे वीज सदैव हजर असते. पण हिशेब करून पाहावा. कॅमेरा ०.३ अँपिअर घेतो असे धरले, तर चोवीस तासांत ७.२ अँपिअर-तास खर्ची पडतात. ८० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून निम्मीच वीज वापरावी असा संकेत आहे. म्हणजे साडेपाच दिवसांत खाते रिकामे. घरामागे उभ्या ट्रेलरमध्ये वायुगळतीचा सूचक आधीपासूनच थोडी थोडी वीज खात असतो, तो निराळाच.

यात नुकसान केवळ बॅटरीचे नाही. धावताना ट्रेलर सुटलाच, तर पिकअपला बांधलेली दोरी ताणली जाऊन एक खिट्टी निघते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. त्या क्षणी पिकअपशी नाते तुटलेले असते. ब्रेकना वीज मिळते ती ट्रेलरवरच्या बॅटरीतून. ती कॅमेऱ्याने निचरून टाकली असेल, तर खिट्टी निघूनही काही घडणार नाही. मागचे दिसावे म्हणून संकटकाळचा ब्रेक गहाण टाकण्याचा हा व्यवहार कोणत्याही दृष्टीने आतबट्ट्याचाच. बॅटरीवरूनच वीज घ्यायची असेल, तर हाताशी बटण हवे आणि मुक्कामी पोहोचताच ते बंद करण्याची शिस्तही हवी. अशी शिस्त चौथ्या दिवशी किती जणांत टिकते, हे घरातील गिझरच्या बटणावरून ताडता येते.

म्हणून पार्किंगच्या दिव्यांची तार सर्वांत सोयीची ठरते. ट्रेलरच्या मागच्या भिंतीवर अगदी वर जे लहान तांबडे दिवे असतात, तेथपर्यंत ती आधीच पोहोचलेली असते. ट्रेलर जोडलेला असताना तिची वीज पिकअपकडून येते. दिवे लावले की कॅमेरा चालू, मालवले की बंद. दिवसाही दिवे लावून गाडी हाकावी लागते, एवढीच अट. कित्येक कारखानदार कॅमेऱ्याची बैठक आणि तिची तार याच दिव्यांवरून आधीच देऊन ठेवतात, तेव्हा खरेदीपूर्वी भिंतीवर तशी बैठक आहे का ते पाहावे. नसेल, तर नवे भोक पाडण्याऐवजी मधला दिवा काढून त्याच्याच भोकातून तार घ्यावी आणि कडा सीलंटने नीट बंद करावी. ट्रेलरच्या भिंतीत एकदा पाणी शिरले की आतले लाकूड कुजल्यावरच ते उघडकीस येते.

तारांच्या रंगावर मात्र विसंबू नये. साध्या मालवाहू ट्रेलरच्या पद्धतीत तपकिरी तार पार्किंगच्या दिव्यांची आणि हिरवी उजव्या इशाऱ्याची. राहत्या ट्रेलरच्या पद्धतीत नेमके उलट. चुकून इशाऱ्याच्या तारेला जोड दिला, तर वळताना कॅमेरा दिव्याबरोबर उघडझाप करील. मल्टिमीटर लावावा, सोबत्याला पिकअपचे दिवे लावण्यास व मालवण्यास सांगावे आणि मगच तार सोलावी. ब्रेकच्या तारेला मुळीच हात लावू नये. जोडाजवळ लहान क्षमतेचा फ्यूज घालावा. कॅमेऱ्यात दोष उद्भवला, तर तेवढाच जळेल आणि मागचे दिवे शाबूत राहतील. अर्थिंगसाठी दिव्याचीच पांढरी तार घ्यावी. भिंतीचा ॲल्युमिनियमचा पत्रा भरवशाचा नसतो. जोडावर उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी.

चित्र बिनतारी येत असेल, तर काम भिंतीवर लावण्यापूर्वी पडताळून पाहावे. ट्रेलर जोडून, इंजिन चालू ठेवून, पडदा चालकासमोर ठेवावा. अंगणात स्वच्छ दिसणारे चित्र तीस फूट ट्रेलर आणि पिकअपचा लोखंडी पिंजरा मध्ये येताच तुटक होते. तसे झाल्यास ग्रहण करणारी शिंग पुढच्या भिंतीशी आणण्याची सोय असलेला संच घ्यावा. कॅमेरा भिंतीच्या माथ्यावर, किंचित खाली झुकलेला असावा, म्हणजे बंपरची कडा चित्राच्या तळाशी दिसते आणि अंतराचा अंदाज येतो. तरीही अगदी बंपरखाली बसलेले मूल त्यात येईलच असे नाही. गाडी मागे घेताना घरातील एका मोठ्या माणसाने खाली उतरून, चालकाला आरशात दिसेल अशा जागी उभे राहावे.