संगणक बदलण्याआधी दुखणे ओळखा

फर्निचरच्या धंद्यात आता केवळ पेन्सिल आणि फुटपट्टीवर भागत नाही. कपाट, किचनचा ओटा किंवा मुलांच्या खोलीतील पलंग आपल्या घरात कसा दिसेल, हे गिऱ्हाईक आधी पडद्यावर पाहू मागते. त्यामुळे मुंबईत जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारापासून तालुक्याच्या गावातील सुतारकामाच्या दुकानापर्यंत स्केचअप, ऑटोकॅड किंवा स्वीट होम थ्रीडी चालवणारा घरातलाच एखादा मुलगा बसलेला दिसतो. आमच्या कारागीर बंधूंनी ही विद्या कोणत्याही मोठ्या शाळेत न जाता, स्वतःच्या हिमतीवर हस्तगत केली, याचा आम्हाला अभिमान वाटतो. परंतु या विद्येबरोबर एक नवा खर्चही दुकानात शिरला आहे, आणि त्याचा बराचसा भाग फुकट जातो, असे आमचे मत आहे.

प्रसंग नेहमीचाच आहे. गिऱ्हाईक समोर बसलेले असते. मुलगा स्वयंपाकघराचे चित्र फिरवून दाखवू लागतो आणि पडदा गोठतो. दोन मिनिटे जातात, पाच जातात. गिऱ्हाईक चहा संपवते आणि ‘पुन्हा येतो’ म्हणून उठते. दुकानदार चिडून दुरुस्तीवाल्याला बोलावतो. तो पाहिल्यासारखे करतो आणि सांगतो, ‘भाई, मशीन जुनं झालं, आता नवंच घ्या.’ मग उसनवारी करून किंवा हप्त्यावर नवे यंत्र येते. दोन महिने बरे जातात, आणि तिसऱ्या महिन्यात तेच चित्र पुन्हा त्याच जागी अडकते. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे.

दार घासू लागले म्हणून कोणताही सुतार लगेच नवे दार बनवीत नाही. बिजागरी सैल झाली आहे का, पावसाने चौकट फुगली आहे का, की खालची जमीन उचलली आहे, हे तो आधी पाहतो. कधी एक स्क्रू आवळून भागते, तर कधी रंध्याचे दोन हात पुरतात. हीच शिस्त संगणकाला लावावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्यासाठी इंजिनिअर होण्याची गरज नाही.

पहिली परीक्षा

दोष यंत्रात आहे की चित्रात, हे आधी ठरवावे. आपल्या यंत्रावर एक कोरे चित्र उघडून साधी चार भिंतींची खोली काढावी. ती झटपट फिरत असेल आणि केवळ त्या एका गिऱ्हाइकाची फाइल अडकत असेल, तर दोष बहुधा त्या फाइलमध्ये आहे. मग तीच फाइल शेजारच्या दुकानातील यंत्रावर उघडून पाहावी. तेथेही ती रखडली, तर खात्री झाली असे समजावे. या परीक्षेला पैसा लागत नाही, अर्धा तास पुरतो.

कोरे चित्रही रखडत असेल, तर विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स यांच्यावर किती भार आहे, हे टक्क्यांत दिसते. काम चालू ठेवून, पडदा अडकतो त्याच क्षणी यातला कोणता आकडा शंभराला भिडतो, ते पाहावे.

डिस्कचा आकडा सतत शंभराजवळ असेल आणि यंत्रात फिरत्या चकतीची जुनी हार्डडिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवावी. सुरू व्हायला पाच-पाच मिनिटे घेणारी यंत्रे या एका बदलाने पुन्हा कामाला लागलेली आम्ही पाहिली आहेत, आणि त्याचा खर्च नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा हिस्सा असतो. मेमरीचा आकडा वर असेल, तर आधी ब्राउझरची उघडी पडलेली वीस पाने, गाणी आणि व्हॉट्सअॅप बंद करावे. यंत्रात केवळ ४ जीबी मेमरी असेल, तर थ्रीडी कामाला ती अपुरीच आहे. ८ जीबी ही किमान समजावी, १६ जीबी असल्यास उत्तम. बहुतेक जुन्या यंत्रांत मेमरीची पट्टी वाढवता येते. भाव चढत-उतरत असतात, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावे.

प्रोसेसरच्या बाबतीत एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. स्केचअपसारखे सॉफ्टवेअर चित्र काढताना मुख्यतः एकाच कोअरवर काम करते. म्हणून आठाच्या जागी सोळा कोअर घेतले, तरी चित्र दुप्पट वेगाने फिरत नाही. प्रत्येक कोअर किती वेगवान आहे, हे महत्त्वाचे. फोटोसारखे हुबेहूब चित्र तयार करण्याचे, म्हणजे रेंडरिंगचे काम असेल, तरच जास्त कोअर किंवा चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा खरा उपयोग होतो.

ग्राफिक्सची गोष्ट तर बरेचदा फुकटात सुटते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेच्या खाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॅप्टर’ असे लिहिलेले दिसले, तर कार्डाचा मूळ ड्रायव्हर बसवलेलाच नाही, असे समजावे. कोणी ‘फॉरमॅट मारून’ दिल्यानंतर हे हमखास घडते. ड्रायव्हर कार्डाच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीकडूनच घ्यावा. काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतात, एक वीज वाचवणारी आणि एक ताकदीची. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधील ग्राफिक्स विभागात जाऊन आपल्या सॉफ्टवेअरला ताकदीची चिप नेमून द्यावी लागते. चिपसाठी पैसे मोजलेले असतात, आणि ती झोपून राहते.

भुसा

आता आपल्या धंद्याचाच एक रोग सांगतो. कारखान्यात करवत चालते, एमडीएफ कापले जाते, आणि त्याची पिठासारखी भुकटी संगणकाच्या पंख्यात जाऊन बसते. हवा खेळत नाही, प्रोसेसर तापतो, आणि जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. सकाळी बरे चालणारे यंत्र दुपारी रखडू लागले, तर संशय आधी उष्णतेवर घ्यावा. यंत्र बंद करून, वायर काढून, आतली धूळ ब्लोअरने उडवावी. त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा, कारण हवेच्या जोराने भलत्या वेगात फिरून तो निकामी होऊ शकतो. यंत्र करवतीच्या खोलीत ठेवूच नये, आणि लॅपटॉप गादीवर किंवा फायलींच्या ढिगावर ठेवून चालवू नये.

चित्राचे ओझे

आमचा अनुभव असा, की निम्म्या तक्रारींचे मूळ चित्रातच निघते. मुलगा थ्रीडी वेअरहाऊसमधून एक सुंदर सोफा उतरवून घेतो. त्या सोफ्याची प्रत्येक शिवण, प्रत्येक बटण कोणीतरी कोरून काढलेले असते. संपूर्ण फ्लॅटच्या भिंती, दारे आणि खिडक्या मिळून जेवढ्या रेषा होत नाहीत, त्याहून अधिक त्या एका सोफ्यात असतात. असे सहा सोफे आणि चार झुंबरे आली, की चांगले यंत्रही धापा टाकते. दाखवायचे आहे आपले कपाट, आणि यंत्र राबते दुसऱ्याच्या सोफ्यासाठी.

लॅमिनेटच्या फोटोचेही तसेच. मोबाइलवर काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून ३-४ एमबीचा दिसतो. पण तो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो, आणि प्रत्येक ठिपक्याला मेमरीत ४ बाइट लागतात. म्हणजे उघडल्यावर एकटा फोटो सुमारे ४८ एमबी जागा खातो. असे वीस नमुने लावले, तर जवळजवळ १ जीबी झाली. कपाटाच्या दारावर लावायला १००० ठिपके रुंदीचा फोटो पुरेसा आहे. आधी लहान करावा, मग लावावा.

स्केचअपमध्ये मॉडेल इन्फोमध्ये स्टॅटिस्टिक्सखाली ‘पर्ज अनयूज्ड’ करावे. काढून टाकलेल्या वस्तूंचे फाइलमध्ये उरलेले ओझे त्याने निघून जाते. काम करताना सावल्या बंद ठेवाव्यात, गिऱ्हाइकाला दाखवताना चालू कराव्यात. ऑटोकॅडमध्ये पर्ज, ऑडिट आणि एकावर एक पडलेल्या रेषा काढणारी ओव्हरकिल, या तीन आज्ञा महिन्यातून एकदा तरी द्याव्यात. बिल्डरकडून आलेला नकाशा स्केचअपमध्ये घेतल्यावर रेषा थरथरतात किंवा जवळ गेल्यावर भिंती कापल्यासारख्या दिसतात. याचे कारण बहुधा असे, की तो नकाशा मूळ शून्य बिंदूपासून फार दूर काढलेला असतो. तो शून्यापाशी आणून मग घ्यावा. यात यंत्राचा दोष नाही.

चोरीच्या मालाची किंमत

काही गोष्टी कडू वाटतील, तरीही सांगतो. बाजारात अनेक ठिकाणी कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर वापरले जाते. ते बसवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या चोराला आत घ्यायचे, त्याच्याच सांगण्यावरून पहारेकऱ्याला सुट्टी देण्यासारखे हे आहे. त्याबरोबर आत शिरलेले प्रोग्रॅम यंत्राची ताकद खातात आणि कधी बँकेचे पासवर्डही नेतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार जाणूनबुजून अशी प्रत वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते; दुकानदाराला ती सवलत नाही. स्केचअपची मोफत आवृत्तीसुद्धा केवळ वैयक्तिक वापरासाठी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

ज्याला परवाना परवडत नाही, त्याला सरळ मार्ग आहे. फ्रान्सचे एमॅन्युएल प्युबारे यांनी बनवलेले स्वीट होम थ्रीडी मोफत मिळते आणि धंद्यासाठीही चालते. नकाशा काढायला लिब्रेकॅड आहे, थ्रीडीसाठी फ्रीकॅड आणि ब्लेंडर आहेत. शिकायला थोडे दिवस लागतील, पण रोजीचे साधन आपल्या हक्काचे असेल. गिऱ्हाइकाला खरे सागवान सांगून दुसरे लाकूड देणे आपण गैर मानतो; तोच न्याय आपल्या हत्यारांनाही लावावा.

नवे यंत्र केव्हा घ्यावे

नवे यंत्र कधीच घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. मेमरी पट्टीची नसून बोर्डावरच जोडलेली असेल आणि वाढवता येत नसेल, किंवा रोज रेंडरिंगचे काम असेल, तर घ्यावेच लागेल. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. जे यंत्र या अटीत बसत नाही, ते इंटरनेटला जोडून बँकेचे व्यवहार करण्यास योग्य नव्हे. मात्र त्यावर लिनक्स बसवून स्वीट होम थ्रीडी चालवता येते, हेही ध्यानात ठेवावे.

यंत्र जुने असो वा नवे, फाइलची दुसरी प्रत दुकानाबाहेर ठेवावी. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजाराला मोठी आग लागली. लाकूड पुन्हा विकत मिळते, पण पाच वर्षांची मापे आणि नकाशे मिळत नाहीत. रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर प्रत घेऊन ती घरी न्यावी. फाइल बिघडली, तर स्केचअपच्या जुन्या आवृत्त्यांतली एसकेबी किंवा ऑटोकॅडची बीएके ही मागची प्रत शोधावी. तिचे शेपूट बदलून एसकेपी किंवा डीडब्ल्यूजी केले, की ती उघडते.

दुरुस्तीवाले सगळेच लबाड नाहीत. त्यांतले पुष्कळ आपल्यातलेच कष्टाळू तरुण आहेत. परंतु ‘नवे घ्या’ म्हणणाऱ्याला दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी: नेमका कोणता भाग कमी पडतो, आणि ते पडद्यावर दाखवता येईल काय? याचे उत्तर न देणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नयेत. बाजारातील व्यापारी मंडळांनीही जाणत्या मुलांना महिन्यातून एक संध्याकाळ बोलावून इतरांना हे शिकवावे. लाकडाची परीक्षा करणाऱ्या हातांना यंत्राची परीक्षा अवघड नाही.