खुब्यातला ‘कट्’ आवाज



माझी धाकटी नणंद सजद्यातून उठली की तिच्या उजव्या खुब्यातून, घरात आपण ज्याला कुल्हा म्हणतो तिथून, ‘कट्’ असा आवाज यायचा. शेजारच्या मुसल्ल्यावर मला ऐकू येई, इतका मोठा. आधी आम्ही हसलो. पुढे तिथे दुखू लागले, उजव्या कुशीवर झोपवेना. शेजारणी म्हणाल्या, ‘‘हाड सरकलंय, पहेलवानाकडून बसवून घ्या.’’ आमच्या सासूबाईंना वेगळीच काळजी. ‘‘कुणाला सांगू नका. पोरीचं लग्न ठरायचंय. लोक म्हणतील, हिला बाळंतपण झेपायचं नाही.’’ या लपवाछपवीत पाच महिने गेले.

शेवटी मी तिला फिजिओथेरपिस्टबाईंकडे नेले. त्यांनी तिला कुशीवर झोपवून पाय हलवला आणि माझा तळहात तिच्या खुब्यावर ठेवला. आवाज आला तेव्हा हाताखाली जाड दोरीसारखे काहीतरी सटकले. हाड जागचे हललेच नव्हते!

मांडीच्या बाहेरच्या बाजूने, कमरेच्या हाडापासून गुडघ्याच्या खालपर्यंत एक चिवट पट्टा जातो. खुब्यापाशी मांडीच्या हाडाला उंचवटा असतो. पट्टा आवळला की पलंगाच्या कडेवरून ताणलेली नाडी सटकावी तसा तो उंचवट्यावरून सटकतो. बऱ्याच जणांना नुसता आवाज येतो, दुखत नाही. त्यांना उपचाराची गरज नसते. पण घासून घासून आतली पाण्याची पिशवी सुजली की दुखते. दुसऱ्या प्रकारात आवाज पुढे जांघेत येतो. तिथे मांडी वर उचलणाऱ्या स्नायूची शीर सटकते. तिसऱ्या प्रकारात सांध्याच्या आतली कूर्चा फाटलेली असते. पाय मध्येच अडकतो. त्याला डॉक्टरच हवेत.

नणंद साड्यांना खडे लावते. तासन्तास मांडी घालून बसते. भाच्यालाही नेहमी उजव्याच कडेवर घेते. बाईंनी आधी याच सवयी बदलायला लावल्या. अर्ध्या तासाने उठायचे, मुलाची बाजू बदलायची, आणि गंमत म्हणून मुद्दाम आवाज काढायचा नाही. दुखत असताना फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे. काही दिवस नमाज खुर्चीवर. आजाऱ्याला ही मुभा आहेच.

मग व्यायाम. भिंतीकडे दुखरी बाजू करून उभे राहायचे, दुखरा पाय दुसऱ्या पायाच्या मागून पलीकडे टाकायचा आणि खुबा भिंतीकडे झुकवायचा; ३० सेकंद, तीन वेळा. दुसरा व्यायाम ताकदीचा. चांगल्या कुशीवर झोपून गुडघे वाकवायचे, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा सावकाश उघडायचा, दहा वेळा. तिसरा, उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, दहा वेळा. ताण जाणवावा, कळ येऊ नये. मात्र आपला आवाज कोणत्या प्रकारचा आहे हे आधी तपासून घ्या. जांघेतल्या आवाजाचे व्यायाम वेगळे असतात.

पडल्यानंतर दुखू लागले, पायावर भार देता येत नसेल, ताप असेल किंवा पाय अडकत असेल तर घरी थांबू नका. आणि झटका देऊन ‘बसवून’ तर मुळीच घेऊ नका. सुजलेली जागा आणखी दुखावते.

खर्चाची भीती असेल तर सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपी विभागाची चौकशी करा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात हे शिक्षण १९५३ पासून दिले जाते. हाजी अलीलाही यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था आहे.

तीन महिन्यांत नणंदेचे दुखणे थांबले, अलहम्दुलिल्लाह. आवाज कधीमधी येतो अजून. अम्मी दचकतात. नणंद त्यांचा हात धरून खुब्यावर ठेवते आणि म्हणते, ‘‘अम्मी, नाडी सटकली.’’ बाळंतपणाचे बाईंनी तेव्हाच सांगितले होते, या पट्ट्यामुळे काही अडत नाही. मुलीचे दुखणे झाकून ठेवल्याने स्थळ चांगले मिळत नाही. दुखणे मात्र वाढते.