गोल्फच्या मैदानावर आपलं काय काम?

"तिथं आपलं काय काम?" हा सवाल आपल्या घराघरांत इतक्या वेळा ऐकू येतो की आता तो सवाल राहिला नाही, हुकूम झाला आहे. मोठं वाचनालय, नाट्यगृह, जिमखाना, कशाचंही नाव काढा, हुकूम तयार असतो. सध्या माझ्या धाकट्या बहिणीने तो स्वतःवरच बजावला आहे. तिचा मुलगा स्कॉटलंडमध्ये डंडीला शिकतो आणि ती व मेव्हणे त्याला भेटायला निघाले आहेत. गोल्फचं माहेर म्हणतात ते सेंट अँड्र्यूज तिथून जवळच. मुलगा म्हणतो, बघून येऊ. ही म्हणते, "भाईजान, बड्या लोकांची जागा. बुरखा बघून दारातूनच परत पाठवतील."

मी म्हणतो, जावंच. आणि रविवारी जावं.

तिथलं सर्वात जुनं मैदान, ओल्ड कोर्स, कुठल्याही क्लबच्या मालकीचं नाही. समुद्रकाठच्या त्या माळावर खेळण्याचा गावाचा हक्क आर्चबिशपने 1552 साली लेखी मान्य केला. पुढे 1797 साली कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने माळ विकला आणि तो ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेला. गावकरी भांडले, कोर्टात गेले. अखेर 1894 साली पार्लमेंटचा कायदा करून नगरपालिकेने तो परत मिळवला. आज 1974 च्या कायद्याने नेमलेला ट्रस्ट त्याची देखभाल करतो. मैदानाला लागून रॉयल अँड एन्शंट क्लबची दगडी इमारत आहे. त्या क्लबने 2014 पर्यंत एकाही बाईला सभासद केलं नव्हतं. पण क्लबचं दार बंद होतं तेव्हाही माळ खुलाच होता. क्लब वेगळा, मैदान वेगळं. आपली गल्लत नेमकी इथंच होते.

कुणी म्हणेल, मग तिथं खेळायला तीनशे पौंडांहून जास्त का मोजावे लागतात? हंगामात लागतात, खरं आहे. खेळायचं तर बहुतेकांना दोन दिवस आधी सोडतीत नावही घालावं लागतं. पण बघायला पैसे लागत नाहीत. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो. त्या दिवशी लोक पोराबाळांना घेऊन, कुत्र्यांना घेऊन तिथं फिरतात. बहिणीनेही फिरावं, स्विलकन पुलावर फोटो काढावा, फक्त वाळूच्या खड्ड्यांत आणि झेंड्याभोवतीच्या बारीक हिरवळीवर पाय ठेवू नये. हातात काठी धरायची हौस असेल तर जवळच 'हिमालयाज' नावाची उंचसखल हिरवळ आहे. ती 1867 साली स्थापन झालेल्या बायकांच्या क्लबची. वेळा आधी बघून घ्याव्यात. थोडे पौंड दिले की तिथं कुणालाही खेळता येतं.

बहिणीची भीती मात्र मनातून उगवलेली नाही, ती आपल्याच देशाने शिकवली आहे. 2017 साली दिल्ली गोल्फ क्लबमध्ये जेवायला बोलावलेल्या एका खासी बाईला तिच्या पारंपरिक जैनसेम पोशाखामुळे मोलकरीण समजून टेबलावरून उठायला सांगितलं गेलं. तो क्लब सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभा आहे. म्हणजे जमीन जनतेची आणि अपमानही जनतेचाच.

अशा वेळी "आपलं काय काम?" म्हणून घरी बसणं याला काही लोक साधेपणा म्हणतात. मी त्याला कब्जा सोडणं म्हणतो. ज्या जागेवर आपण कधी पाऊल ठेवत नाही, ती उद्या विकली गेली तरी आपल्याला कळत नाही. मुलांना हक्काचा धडा पाठ करून घेता येतो, पण पाय घरातच अडले तर तो धडा पेपरापुरता उरतो.

स्कॉटलंड सगळ्यांना परवडणार नाही. खारघर परवडेल. तिथं डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने, म्हणजे सरकारी महामंडळाने, गोल्फ कोर्स केला आहे. तळोजा, पनवेल, मुंब्र्याच्या शाळांनी सिडकोकडे लेखी अर्ज करावा: महिन्यातून एक दिवस खेळ बंद ठेवून मैदान मुलांना पायी फिरायला खुलं करा. सेंट अँड्र्यूजला हे दर रविवारी जमतं. इथं जमत नसेल तर का जमत नाही, याचंही उत्तर लेखीच मागावं.