डबी घेण्याआधी कान लावा

उस्मानपुऱ्यातील एका भगिनीने आम्हाला विचारले आहे : "मुलगा शासकीय तंत्रनिकेतनात शिकतो. घर दोन खोल्यांचे, सासूबाई लवकर निजतात, म्हणून तो रात्री हेडफोन लावूनच अभ्यासाचे तास ऐकतो. लॅपटॉपच्या जॅकमधून खरखर येते. पैठण गेटला दुकानदार तीन हजारांचा डॅक घ्या म्हणतो. घ्यावा काय?"

तीन हजार म्हणजे पुष्कळ घरांत महिन्याचा किराणा. तेव्हा उत्तर नीट द्यायला हवे.

लॅपटॉपमध्ये गाणे आकड्यांत साठवलेले असते. सीडीच्या दर्जाचे असेल तर प्रत्येक कानासाठी सेकंदाला ४४,१०० नोंदी. त्या आकड्यांवरून विजेची लहर तयार करणारी डबी म्हणजे डॅक. हे काम आता स्वस्त चिपसुद्धा चोख करते. खोट निघते ती पुढे, हेडफोनला जोर देणाऱ्या छोट्या अँप्लिफायरमध्ये. परीक्षा घ्यायची ती त्याची.

खोक्यावरच्या मिलीवॅटच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. साधा ३२ ओहमचा हेडफोन एका मिलीवॅटलाच १०० डेसिबलच्या आसपास आवाज देतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी मर्यादा सांगितली आहे ती ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. शिवाय वॅट दुप्पट केले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल. विचारायचा आकडा आउटपुट इम्पीडन्सचा, आणि नेमका तोच पुष्कळदा छापलेला नसतो. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून जास्त नसावा. ३२ ला ४. जास्त असला तर काही हेडफोनांत ढोलकीचा खर्ज फुगतो आणि शब्द मागे पडतात.

दुकानात आपलाच हेडफोन न्यावा. आधी गाणे न लावता आवाज पूर्ण वाढवून सूं-सूं येते का ते ऐकावे. मग आवाज खाली आणूनच गाणे लावावे, नाहीतर कानठळ्या बसतील! अगदी हळू आवाजात दोन्ही कानांत सारखे येते का पाहावे. स्वस्त डबीचे फिरते बटण इथेच उघडे पडते. गाणे तोंडपाठ असलेले घ्यावे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आपल्या घरांत कोणाला ओळखू येत नाही? मात्र जुन्या कॅसेटवरून उतरवलेले नको. कॅसेटची सरसर गाण्यातच मुरलेली असते, ती कोणतीही डबी काढणार नाही.

दोन डब्यांची तुलना करताना एक गंमत होते. जिचा आवाज जरा मोठा, ती कानाला चांगली वाटते. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असते. म्हणून दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा आणि न सांगता दुसऱ्याने दहा वेळा अदलाबदल करावी. पाच-सहा वेळा ओळखले तर ती नाणेफेक झाली. नऊ वेळा ओळखले तर फरक आहे.

आता भगिनींची खरखर. आधी चार्जर काढून पाहा. खरखर थांबली तर दोष चार्जरचा किंवा घरातल्या अर्थिंगचा. ही डबी यूएसबीवर त्याच लॅपटॉपमधून वीज घेते, तेव्हा ती लावूनही खरखर राहू शकते. वायरमनला बोलवावे, ते स्वस्त पडेल. चार्जर काढूनही खरखर राहिली आणि तोच हेडफोन दुसऱ्याच्या मोबाईलवर स्वच्छ वाजला, तर जॅक गेला समजावे. मग डबी जरूर घ्या, पण आमच्या मते तास ऐकायला काही शेकड्यांचीही पुरेल. परीक्षा तिचीही घ्यावी, आणि न पटल्यास परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्यावी.