भांडं घेण्याआधी जेवण ठरवा

पावसाळी ट्रेक आटोपले की थंडीतल्या मुक्कामाच्या ट्रेकचे वेध लागतात आणि सामानाची यादी निघते. हल्ली त्या यादीत टायटॅनियमचं भांडं हमखास असतं. ते घ्यायला निघालेल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दुकानात जाण्याआधी, गडावर तुम्ही नेमकं काय खाणार ते कागदावर लिहून काढा. नुसतं पाणी उकळणार की अन्न शिजवणार, एवढं ठरलं की भांडं आपोआप ठरतं.

टायटॅनियम हलकं म्हणतात ते स्टीलच्या मानाने. एक घनसेंटिमीटर स्टीलचं वजन साधारण ८ ग्रॅम, टायटॅनियमचं ४.५ आणि अ‍ॅल्युमिनियमचं २.७ ग्रॅम. म्हणजे आपल्या आज्या ज्याला जर्मनचं पातेलं म्हणायच्या, ते अ‍ॅल्युमिनियम टायटॅनियमपेक्षाही हलकं. मग टायटॅनियमचं भांडं हातात एवढं हलकं का लागतं? कारण हा धातू मजबूत आहे. त्याचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरहून पातळ केला तरी सॅकच्या दाबाने सहसा चेपत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा इतका पातळ ठेवला तर पहिल्याच ट्रेकला पोचे पडतील. शिवाय टायटॅनियम गंजत नाही, चिंच-लिंबाने बिघडत नाही, आणि खरवडून निघेल असा लेपही त्यावर नसतो. नीट वापरलं तर एक भांडं आयुष्यभर पुरतं.

पण जो पातळपणा पाठीला सुखाचा, तोच स्वयंपाकाला घातक. अ‍ॅल्युमिनियम टायटॅनियमच्या साधारण दहापट उष्णता वाहून नेतं. त्यामुळे जाड जर्मनच्या पातेल्याचा तळ सगळीकडे सारखा तापतो. टायटॅनियममध्ये ज्योत जिथे लागते तिथेच आच राहते. अशा भांड्यात मुगाच्या डाळीची खिचडी लावली की काय होतं ते बघा. वर डाळ-तांदूळ टचटचीत, मध्ये पाणी, आणि तळाशी बर्नरच्या आकाराचं करपलेलं काळं कडं. ढवळत राहिलं तरी ते कडं धरतंच, आणि मग धूर लागल्याचा वास सगळ्या खिचडीला येतो. रवा भाजणं, कांदा परतणं, ऑम्लेट करणं, सगळ्याची हीच गत. म्हणून टायटॅनियमचा फ्राय पॅन तर घेऊच नका. तीन भांडी आणि एक पॅन असा सेट दुकानदार पुढे करेल, तोही नको. एक भांडं आणि त्याचं झाकण, बस्स.

एकटे किंवा दोघे जात असाल आणि पाणी उकळण्यावर तुमचं जेवण भागत असेल, तर हे भांडं जरूर घ्या. चहा, सूप आणि नूडल्स तर झालेच, पण आपल्या स्वयंपाकघरातलंही पुष्कळ काही या पद्धतीने जमतं. बारीक रवा घरीच मंद आचेवर खमंग भाजायचा. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरचीची फोडणी करून मिरची-कढीपत्ता कुरकुरीत होऊ द्यायचा, म्हणजे त्यांत ओल राहत नाही. त्यात रवा, मीठ, चिमूटभर साखर घालून परतायचं आणि पूर्ण गार झाल्यावर पिशवीत भरायचं. गडावर उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवून भांडं टोपीत किंवा मफलरीत गुंडाळून दहा मिनिटं तसंच ठेवलं, की उपमा तयार. भांड्याला काही चिकटत नाही आणि गॅसही पाणी उकळण्यापुरताच जळतो. पातळ पोह्यांचंही असंच करता येतं. सोबत तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असली की दोन दिवस सहज निघतात.

गडावरच्या टाक्यातलं पाणी पिण्यासाठी उकळायलाही हे भांडं उत्तम. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट तशीच ठेवली की पुरे. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर गेलं तर तीन मिनिटं ठेवतात. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, त्यामुळे महाराष्ट्राच्या सह्याद्रीत कुठेही एक मिनिटावर काम भागतं. हिमालयात मात्र दुसरीच अडचण येते. ४००० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि त्यात कच्चे डाळ-तांदूळ शिजता शिजत नाहीत. तिथेही घरून शिजवून वाळवलेलं किंवा भाजून नेलेलं अन्नच कामाला येतं.

सहा-आठ जणांचा ग्रुप असेल तर मात्र टायटॅनियमच्या वाटेला जाऊ नका. तुम्हाला सगळ्यांची खिचडी एकदम लावायची असते, आणि त्यासाठी घरातलं जाड बुडाचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं सगळ्यात चांगलं. वजन वाटून घेतलं की प्रत्येकाच्या वाट्याला फारसं येतही नाही. टोमॅटो, चिंच, आमसूल घालायचं असेल तेवढं त्यात शिजवून ठेवू नका, कारण आंबटाने अ‍ॅल्युमिनियम अन्नात उतरतं. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी तर पायथ्याच्या गावांतली मंडळी वर पिठलं-भाकरी करून देतात. तिथे सगळी चूल पाठीवर वाहून नेण्यापेक्षा त्यांच्याकडे जेवा. गरमागरम भाकरी मिळते आणि त्यांच्या घरात चार पैसे जातात.

आता घ्यायचंच ठरलं असेल तर माप बघा. एकट्याला ७५० मिलिलिटर पुरतं. अर्धा लिटर पाणी उकळलं तरी वर उतू जायला जागा राहते. दोघांना एक लिटरच्या थोडं वरचं लागेल. उंच आणि अरुंद भांडं सॅकमध्ये छान बसतं, पण त्याच्या बाजूंनी ज्योत वाया जाते. रुंद बुडाचं भांडं आच जास्त धरतं. गॅसचा छोटा कॅन आणि बर्नर भांड्याच्या पोटात बसतात का, हे दुकानातच घालून बघा. नाहीतर वाचवलेली जागा पुन्हा तेवढीच जाते. मूठ दुमडणारी असावी आणि झाकण हवंच. मुठीवर रबराचं आवरण असेल तर बरं, पण ज्योत मुठीपर्यंत आली तर ते जळतं. नसेल तर जाड रुमाल जवळ ठेवा. तापल्यावर भांड्यावर निळ्या-जांभळ्या छटा येतात, त्याने घाबरू नका. तो पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्याचा काही अपाय नाही.

बाजारात 'टायटॅनियम' हा शब्द सध्या सढळ हाताने वापरला जातो, त्याला भुलू नका. कितीतरी तवे आणि कढया मुळात अ‍ॅल्युमिनियमच्या असतात आणि लेपात नावापुरतं टायटॅनियम असतं. लोहचुंबक चिकटत नाही हा काही पुरावा नाही, कारण तो अ‍ॅल्युमिनियमलाही चिकटत नाही आणि स्वयंपाकघरातल्या बऱ्याच स्टीललाही नाही. त्यापेक्षा काट्यावर ठेवा. टोक्ससारख्या नावाजलेल्या कंपनीचं ७५० मिलिलिटरचं भांडं झाकणासकट शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं. त्याच मापाचं भांडं दीड-दोनशे ग्रॅम भरलं तर सरळ विचारा की हे सगळं टायटॅनियम आहे की नुसता लेप.

किंमत मात्र झोंबणारी असते. टायटॅनियमचं खनिज दुर्मिळ नाही. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही इल्मेनाइट आहे. पण खनिजातून धातू काढणं फार खटाटोपाचं. बंद भट्टीत मॅग्नेशियमच्या साह्याने एकेक घाणा काढावा लागतो, आणि धातू पुढे वितळवायचा तर १६०० अंशांच्या वर, तेही हवा लागू न देता. केरळात चवरा इथे असा कारखाना आहे, तिथला धातू प्रामुख्याने अवकाश कार्यक्रमासाठी वापरला जातो. म्हणून या छोट्याशा भांड्याला स्टीलच्या टोपाच्या कित्येक पट पैसे पडतात.

पदरमोड करून हे भांडं घेऊ पाहणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींना मला इथे थांबवायचं आहे. चांगल्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेकिंग पॉटच्या तुलनेत तुमचे जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम वाचणार आहेत. आधी सगळी सॅक काट्यावर रिकामी करा. जास्तीची जीन्स, दुसरा टॉवेल, काचेच्या बरणीतलं लोणचं, पॉवर बँका, असं काढत गेलात की एक पैसाही न खर्चता किलोभर वजन उतरतं. पायातले बूट झिजले असतील तर ते पैसे बुटांना लावा. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर जीव बुटांच्या भरवशावर असतो.

वाऱ्याचाही हिशोब ठेवा. वारा नसेल आणि झाकण असेल तर अर्धा लिटर पाणी सात-आठ ग्रॅम गॅसमध्ये उकळतं. उघड्या कड्यावर, झाकणाशिवाय, तेच पाणी दुप्पट गॅस खातं. म्हणजे भांड्यात वाचवलेले ग्रॅम गॅसच्या कॅनमध्ये परत वाहायचे. चूल दगडांच्या किंवा तटाच्या आडोशाला लावा. पण वारा अडवायला कॅनभोवती पत्र्याचं कडं घट्ट गुंडाळू नका; कॅन तापून फुटू शकतो. दिवाळीनंतर गवत वाळलेलं असतं, तेव्हा बर्नरखालची जागा हातभर साफ करूनच तो पेटवा. गॅसचे हे कॅन विमानात कुठल्याच सामानातून नेता येत नाहीत आणि रेल्वेतही ज्वालाग्राही वस्तूंना बंदी आहे. हिमालयात जाणार असाल तर कॅन तिथेच घ्या.

दुहेरी भिंतीचा टायटॅनियमचा मग घेतला असेल तर तो कधीही आचेवर ठेवू नका. दोन भिंतींमध्ये कोंडलेली हवा तापली की तो फुटू शकतो आणि माणूस भाजू शकतो. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, कारण दिसायला तो साध्या मगसारखाच असतो.

आणि भांडी टाक्यात धुऊ नका. गडावरचं टाकं पुढच्या माणसाचं पिण्याचं पाणी असतं, गावातल्या गुराख्याचंही असतं. टाक्यातून पाणी भरून घ्या, पन्नास-साठ पावलं लांब जा, आणि तिथे भांडं विसळून पाणी मातीत ओता. नुसतं पाणी उकळलेल्या भांड्याला साबण लागतच नाही. काही चिकटलंच तर नारळाची शेंडी आणि चिमूटभर राख पुरते.